सूर्यास्तापूर्वीची मजुरी

मजुराच्या मजुरीविषयी मोशेच्या नियमशास्त्रात जी आज्ञा आहे, तिचे एक वैशिष्ट्य सहसा आपल्या ध्यानात येत नाही. मजुरी किती द्यावी हे ती सांगत नाही. ती केव्हा द्यावी एवढेच सांगते. लेवीय आणि अनुवाद या दोन्ही ग्रंथांत हा विषय आला आहे आणि दोन्हीकडे आग्रह एकच आहे. रोजावर राबणाऱ्याचे पैसे धन्याच्या घरी रात्रभर पडून राहता कामा नयेत. कारण तो गरीब आहे आणि त्याचा संसार त्या पैशांच्या वाटेकडे डोळे लावून बसला आहे. पुढे संत याकोबाने आपल्या पत्रात, अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच आक्रोश करीत असल्याचे चित्र उभे केले. ख्रिस्तसभेच्या परंपरेने तर मजुराची मजुरी नाडण्याला स्वर्गाकडे टाहो फोडणाऱ्या पापांच्या पंक्तीत बसविले.

द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांचा दाखला आपण अनेकदा ऐकतो. सकाळी आलेल्याला आणि दिवस कलताना आलेल्याला सारखाच रोज का, यावर आपली चर्चा रंगते. परंतु त्या दाखल्यात आणखी दोन गोष्टी आहेत. शेवटी आलेले कामकरी आळशी नव्हते. त्यांना कोणी काम दिलेच नव्हते. आणि धन्याच्या औदार्याविषयी कोणाचे काहीही मत असो, संध्याकाळ झाल्याबरोबर त्याने कारभाऱ्याला बोलावून सर्वांचे पैसे चुकते केले. काम नसलेल्याला काम आणि काम केलेल्याला वेळेवर दाम, हे दोन्ही प्रभू येशूने त्या कथेत गृहीतच धरले आहे.

प्रश्न असा पडतो की, ज्या काळी धनी एक होता आणि त्याचे घर मजुराला ठाऊक होते, त्या काळची ही आज्ञा आज कोणाला उद्देशून आहे? आज लक्षावधी मजुरांचा धनी म्हणजे एक नव्हे तर दोन सरकारे आहेत, आणि त्यांच्यामध्ये कार्यालये, स्वाक्षऱ्या, संगणक आणि बँका यांची लांबलचक साखळी आहे. सूर्य मावळतो, पंधरवडा उलटतो, महिना सरतो. पैसे आलेले नसतात. आणि पैसे कोणी अडविले असे विचारावे, तर प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवितो. ज्या अन्यायाचा कर्ता सापडत नाही तो अन्याय नव्हेच काय? पाप घडले आहे, पण पापी कोणीच नाही, असे होऊ शकते काय?

हा प्रश्न हवेतला नाही. परभणी जिल्ह्यासारख्या ठिकाणी तो जमिनीवर उभा आहे. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यातील हा काळ्या मातीचा प्रदेश. कापूस, सोयाबीन, तूर आणि रब्बीची ज्वारी ही येथली पिके. कापसाची वेचणी आणि ज्वारीची काढणी आटोपली की, ज्याला स्वतःचे रान नाही किंवा असून ओलित नाही, त्याच्या हाताला पावसाळ्यापर्यंत फारसे काम उरत नाही. जिंतूरपासून गंगाखेड-पालमपर्यंत हजारो कुटुंबांचे वर्ष असे दोन तुकड्यांत विभागलेले आहे.

या रिकाम्या महिन्यांवर महाराष्ट्राने जो उपाय शोधला, त्याचा आपणा सर्वांना अभिमान वाटावा. वि. स. पागे यांच्या प्रेरणेतून रोजगार हमीची कल्पना आकाराला आली. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील माणसे खडी फोडून, मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन जगली. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. त्या अनुभवातून १९७७ चा रोजगार हमी कायदा जन्माला आला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणाऱ्याला पंधरा दिवसांत काम द्यायचे, न दिल्यास बेकारभत्ता द्यायचा, असे त्याने सांगितले. भत्ता होता रोजचा किमान १ रुपया! रक्कम क्षुल्लक होती, पण तिच्यामागील विचार मोठा होता : काम न देणे हा राज्याचा दोष आहे, त्याबद्दल राज्याने भरपाई केली पाहिजे. या योजनेसाठी शहरांतील नोकरदारांवर आणि व्यावसायिकांवर १९७५ मध्ये व्यवसायकर बसविण्यात आला आणि तेवढीच रक्कम राज्याने आपल्याकडून घालावी असे ठरले. वसई-मुंबईच्या पगारपत्रकातली ती छोटी वजावट परभणीच्या बांधावरील मजुरासाठी होती. शहराने गावाशी बांधलेले ते एक मूक नाते होते.

२००५ मध्ये संसदेने सर्व देशासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला. महाराष्ट्राची कल्पना राष्ट्राची झाली. परंतु त्याच वेळी धनी एकाचे दोन झाले. या कायद्याने दर कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी दिली आणि अकुशल मजुरीचा सारा खर्च केंद्राने उचलावा असे ठरविले. बेकारभत्ता मात्र राज्याने द्यायचा : पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान एक चतुर्थांश, त्यानंतर किमान निम्मा. महाराष्ट्राने आपली जुनी हमी मोडली नाही, म्हणून १०० दिवसांपुढील कामाची मजुरी राज्याच्या तिजोरीतून येऊ लागली.

आता एका मजुराच्या बाजूने ही व्यवस्था पाहा. एखाद्या पांदण रस्त्यावर किंवा शेततळ्यावर नवराबायको दोघे खपत आहेत. दिवस कुटुंबाचे मोजायचे असल्यामुळे दोघांची हजेरी एकत्र होते आणि कोणत्या दुपारी शंभरी भरली हे त्या दोघांनाही कळत नाही. शंभराव्या दिवसाचे ऋण दिल्लीचे, एकशे एकाव्या दिवसाचे मुंबईचे. टिकाव तोच, माती तीच, घाम तोच. फक्त रात्रीतून ऋणको बदलला. तसेच, काम मागून जो घरी बसून राहिला त्याच्या भत्त्याचे ऋण राज्याचे, आणि सोळाव्या दिवशी काम मिळाले की त्याच्या मजुरीचे ऋण केंद्राचे. कागदावर ही विभागणी स्वच्छ आहे. पण प्रत्येक सांध्यापाशी पैसा थांबू शकतो.

मजुरी देण्याच्या रीतीतही असाच सांधा होता. हजेरीपट बंद झाल्यावर कामाचे मोजमाप, नोंदणी आणि निधी हस्तांतरणाच्या आदेशावरील स्वाक्षऱ्या हा टप्पा राज्याच्या यंत्रणेचा. त्यानंतर मजुराच्या खात्यात पैसे पडेपर्यंतचा टप्पा केंद्राचा. हजेरीपट बंद झाल्यापासून पंधरा दिवसांत मजुरी न मिळाल्यास सोळाव्या दिवसापासून रोज ०.०५ टक्के दराने भरपाई द्यावी, असा नियम होता. पण भरपाईचा हिशेब पहिल्या टप्प्यातील उशिरापुरताच केला जाई. दुसऱ्या टप्प्यात पैसा कितीही दिवस अडला तरी तो उशीर धरला जात नसे. म्हणजे विलंब कोठे झाला, यावर तो विलंब आहे की नाही हे ठरत होते!

भरपाईचे मोलही पाहण्यासारखे आहे. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रातील दर ३१२ रुपये रोज असा होता. सहा दिवसांच्या आठवड्याची मजुरी १,८७२ रुपये झाली. तिच्यावर भरपाई रोजची सुमारे ९४ पैसे, महिनाभर उशीर झाल्यास २८ रुपये. म्हणजे शेकडा दीड रुपया. त्याच महिन्यात घर चालविण्यासाठी मजुराने गावात शेकडा तीन वा पाच रुपयांनी पैसे उचलले, तर सरकारला दिलेल्या या बिनबोलाच्या कर्जापायी तो दरमहा तोट्यातच राहतो. गरिबाने सरकारला उसने द्यावे आणि त्यासाठी स्वतः सावकाराकडून उसने आणावे, असा हा उफराटा व्यवहार आहे.

विलंबाची खरी किंमत मात्र व्याजात मोजता येत नाही. ज्यांच्या घरी महिन्याचा पगार येतो त्यांना पंधरा दिवसांचा उशीर ही गैरसोय वाटते. आठवडी बाजाराच्या दिवसावर ज्यांची चूल चालते त्यांच्यासाठी तो निर्णयाचा क्षण असतो. अशा वेळी दारात ऊसतोडीचा मुकादम उभा राहतो. सरकार काम झाल्यावर पैसे देते, तेही उशिरा; मुकादम कामाआधी देतो. त्याला उचल म्हणतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि कोयत्यामागे रोख उचल. ती फेडण्यासाठी दिवाळीनंतर बिऱ्हाड बैलगाडीत वा ट्रकमध्ये चढते, मुलाची शाळा सुटते, म्हातारी माणसे गावात एकटी राहतात, आणि हंगाम संपला तरी कित्येकदा उचल फिटलेली नसते. माणूस मुकादमाकडे जातो तो त्याचा दर चांगला असतो म्हणून नव्हे, त्याचा पैसा आज असतो म्हणून. रोजगार हमी ज्या परावलंबनातून मजुराला सोडविण्यासाठी जन्मली, त्याच परावलंबनाकडे तिचा उशीर त्याला परत लोटतो. उशिरा आलेली मजुरी रकमेने पूर्ण असली तरी न्यायाने अपुरी असते. वेळ हा मजुरीचा भाग आहे. मोशेच्या आज्ञेचे मर्म नेमके हेच आहे.

दुसरी बाजू न मांडणे अप्रामाणिकपणाचे होईल. सार्वजनिक पैसा तपासल्याशिवाय वाटता येत नाही. रोजगार हमीच्या कामांवर खोट्या हजेऱ्या लागल्या, मेलेल्यांच्या नावे मजुरी उचलली गेली, यंत्राने केलेले काम माणसांच्या नावे दाखविले गेले, हे महाराष्ट्र जाणतो. अशी चोरी हीसुद्धा गरिबाचीच चोरी आहे. मोजमाप, आधार क्रमांकाची जोडणी, खात्यात थेट भरणा या उपायांमागे हा अनुभव आहे. केंद्र हिशेब मागते आणि राज्य पैशांची वाट पाहते, यात दोघांचाही दुष्टावा असेलच असे नाही.

हे सारे मान्य केले तरी एक प्रश्न राहतो. तपासणीला वेळ लागणार असेल, तर त्या वेळेचा भार कोणी सोसावा? जो तपासतो त्याने, की ज्याने प्रामाणिकपणे खणले त्याने? दोन सरकारांपैकी कोणाचीही चूल उशिरामुळे विझत नाही. वाट पाहण्याची ज्याची ताकद सर्वांत कमी, त्याच्याच माथी वाट पाहणे मारणे ही व्यवस्थेची अडचण नव्हे. ती व्यवस्थेने केलेली निवड आहे. आणि जेथे निवड आहे तेथे नैतिक जबाबदारी आहे.

येथे ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीचा आधार घेता येतो. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या आपल्या प्रसिद्ध परिपत्रकात मजुरीचा प्रश्न केवळ कराराचा नसून न्यायाचा आहे, असे प्रतिपादन केले. त्यानंतर ९० वर्षांनी, १९८१ मध्ये, पोप दुसरे जॉन पॉल यांनी मानवी श्रमावरील परिपत्रकात अप्रत्यक्ष मालक ही संकल्पना मांडली. मजुराशी ज्याचा थेट करार असतो तो प्रत्यक्ष मालक. परंतु ज्या संस्था, कायदे आणि धोरणे त्या कराराच्या अटी ठरवितात, त्याही मालकपणाच्या जबाबदारीत सहभागी असतात, आणि त्यांत राज्यसंस्था प्रमुख आहे. काम न मिळालेल्यांना निर्वाहापुरते साहाय्य देणे हेही त्यांनी कर्तव्य मानले. कारण त्याचे मूळ माणसाच्या जगण्याच्या हक्कात आहे. ही संकल्पना आपल्या प्रश्नावर लख्ख प्रकाश टाकते. मालकपण अनेकांत वाटले गेले म्हणून ते पातळ होत नाही. दोन भावांनी मिळून एकाचे देणे लागायचे आणि धनको दारात आला की प्रत्येकाने दुसऱ्याचे घर दाखवायचे, याला आपण गावात काय म्हणतो? ऋणाची विभागणी ऋणकोंनी आपापसांत करावी. धनकोच्या दृष्टीने ते ऋण अखंडच असते.

सर्वोच्च न्यायालयही वेगळ्या वाटेने याच निष्कर्षाला पोहोचले. दुष्काळाच्या संदर्भात दाखल झालेल्या याचिकेवर १८ मे २०१८ रोजी निकाल देताना, मजुरी वेळेत देण्याचा भार राज्य व केंद्र या दोघांवरही आहे आणि तो एकाने दुसऱ्यावर ढकलता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. तरीही ढकलाढकल थांबते असे नाही. पश्चिम बंगालमध्ये गैरव्यवहाराचे कारण देऊन केंद्राने मार्च २०२२ पासून या योजनेचा पैसा थांबविला. आरोप काहींवर होते. काम मात्र सर्वांचेच थांबले. राज्याने २०२४ मध्ये थकलेली मजुरी स्वतःच्या तिजोरीतून देण्यास आरंभ केला. पुढे कलकत्ता उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये योजना पुन्हा सुरू करण्याचा आदेश दिला आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. हा दोष केवळ आपल्या गरिबीचा आहे असेही समजू नये. महामारीच्या वर्षी अमेरिकेतील संघराज्याच्या बेकारभत्त्याच्या योजनांची मुदत २६ डिसेंबर २०२० रोजी संपली आणि मुदतवाढीच्या कायद्यावर दुसऱ्या दिवशी स्वाक्षरी झाली. अंतर एका दिवसाचे. पण भत्ता वाटणारी निरनिराळ्या घटकराज्यांची यंत्रणा नव्या नियमांशी जुळेपर्यंत अनेक बेकारांना आठवडेच्या आठवडे थांबावे लागले. संपन्न देशातही दोन दात्यांमधल्या फटीत पडतो तो गरीबच.

मग मार्ग कोणता? पोप अकरावे पायस यांनी १९३१ मध्ये एक तत्त्व मांडले होते : जे काम खालची, माणसाच्या जवळची संस्था करू शकते ते वरच्या संस्थेने हिरावून घेऊ नये, वरच्याने खालच्याला साहाय्य करावे. त्याचा येथे लागू पडणारा अर्थ असा की, मजुराला जे सरकार जवळचे आहे त्याने ठरल्या दिवशी पैसे द्यावेत आणि दूरच्या सरकारकडून मागाहून वसूल करावेत. दूरच्यानेही त्या परतफेडीला आडकाठी करू नये. आधी मजूर, मग हिशेब. भांडायचे तर दोन तिजोऱ्यांनी भांडावे. त्यांना सूर्यास्ताची घाई नसते. गैरव्यवहार करणाऱ्याला जरूर पकडावे, पण त्याच्या शिक्षेचा पहिला हप्ता निरपराध मजुराकडून वसूल करू नये.

ही चर्चा आज अधिक निकडीची झाली आहे. २००५ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये नवा कायदा संमत केला. त्यात कामाची हमी १२५ दिवसांची आहे, ही स्वागतार्ह गोष्ट. परंतु महाराष्ट्रासारख्या राज्यांत खर्चाचा वाटा केंद्राचा ६० आणि राज्याचा ४० टक्के असा ठरला आहे. पेरणी-कापणीच्या दिवसांत एकूण ६० दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याचीही तरतूद आहे. पूर्वी दोन ऋणकोंची सीमारेषा शंभराव्या दिवसावर होती. आता ती प्रत्येक दिवसाच्या मजुरीतून जाणार. प्रत्येक रुपयाला दोन धनी असतील, तर त्या रुपयाच्या विलंबाला किमान एक धनी असलाच पाहिजे, हे आपण सर्वांनी विचारीत राहावे लागेल.

आपण म्हणजे कोण? धर्मग्रामातील साधी कुटुंबे यात काय करणार, असे वाटणे साहजिक आहे. पण अप्रत्यक्ष मालकाची व्याख्या आपल्या दारापर्यंत येते. आपला कर आणि आपले मत त्या तिजोऱ्यांमागे आहे. ज्या गावांत आपले बांधव मजुरी करतात किंवा आपल्या संस्था सेवा करतात, तेथे एक अगदी छोटे काम करण्यासारखे आहे. कामाची मागणी तोंडी न करता लेखी करावी आणि तिची तारखेची पोच घ्यावी. भत्त्याचा सारा हक्क त्या एका तारखेपासून सुरू होतो. तारीख नसेल तर पंधरा दिवस मोजायला सुरुवातच होत नाही आणि सरकारच्या लेखी कोणी बेकार नसतोच. ज्याला लिहिता येत नाही त्याचा अर्ज लिहून देणे, त्याची पोच जपून ठेवणे, हजेरीपट बंद झालेला दिवस वहीत नोंदविणे, ही दयेची कृत्ये तर आहेतच, पण त्याहून अधिक ती न्यायाची कृत्ये आहेत.

आणि सरकारला जाब विचारणाऱ्याने आपला उंबराही पाहावा. घरची मोलकरीण, वाडीतला गडी, चर्चच्या बांधकामावरचा गवंडी यांना पैसे देताना आपणही सुट्टे नाहीत, बँक बंद होती, पुढच्या आठवड्यात एकदम घे, असे सहज म्हणतो. तेथे दोन सरकारे नसतात, स्वाक्षऱ्यांची साखळी नसते. तेथे धनी एकच असतो आणि त्याचे घर मजुराला ठाऊक असते. मोशेची आज्ञा तेथे आजही जशीच्या तशी लागू आहे.

विलंबाला चेहरा नसतो, म्हणून तो निर्दोष वाटतो. पण ज्याची वाट पाहिली जाते त्या पैशाला चेहरा असतो; बाजाराच्या दिवशी रिकामी पिशवी घेऊन परतणाऱ्या माणसाचा तो चेहरा असतो. परमेश्वराच्या न्यायासनापुढे आपल्या हाती किती होते याबरोबरच, ते आपण किती काळ दाबून ठेवले हेही विचारले जाईल. त्या हिशेबात केंद्राचा आणि राज्याचा असे दोन रकाने असतील असे वाटत नाही.